वाघाची मावशी आणि तेलाची बाटली



गेल्या पावसाळ्यापासून गटांच्या बैठकांत आम्हाला एकच प्रश्न गावागावांतून विचारला जातोय. मांजराला पिसवा झाल्यात, निलगिरीचं तेल लावलं तर चालेल का? कुणी निलगिरीऐवजी लवंगेचं तेल म्हणतं, कुणी खोबरेलात कापूर घालून चोळायचं म्हणतं. तालुक्याच्या बाजारात हल्ली टी ट्री नावाचं तेलही मिळू लागलंय. एका बैठकीत एका ताईंनी ती बोटभर बाटली सगळ्यांना दाखवली. तिच्यावर हिरवं पान काढलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं, १०० टक्के नैसर्गिक.

उत्तर एका शब्दाचं आहे. नाही. यातलं कुठलंही तेल मांजराच्या अंगाला लावायचं नाही, पोटात द्यायचं तर नाहीच. पण नुसत्या ‘नाही’नं बायकांचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. ज्या तेलाच्या वासानं आपली सर्दी मोकळी होते, ते मांजराला का चालू नये? आम्ही या ‘का’च्या मागे लागलो, तर गोष्ट साडेनऊ हजार वर्षं मागे गेली. वाटेत खानदेशातलं रोशा गवत भेटलं आणि मुंबईचा प्लेगही भेटला. म्हणून आजचं भाषण आरोग्याचं कमी आणि इतिहासाचं जास्त आहे.

सुरुवात मांजरापासून करू. गाय, म्हैस, शेळी या जनावरांना माणसानं पकडून, बांधून, माणसाळवलं. मांजराचं तसं नाही. ते आपल्या पायानं आलं. पश्चिम आशियात माणूस शेती करायला लागला, धान्य साठवायला लागला, त्या धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आलं. कुणी त्याला दावं लावलं नाही. त्याचा फायदा होता, आपलाही होता, म्हणून ते राहिलं.

भूमध्य समुद्रात सायप्रस नावाचं एक बेट आहे. तिथं फ्रेंच संशोधकांना साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली, ते २००४ साली जाहीर झालं. कबरीत माणसाचा सांगाडा आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर एका मांजराचा सांगाडा. आठेक महिन्यांचं पिल्लू असावं. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हतीच. म्हणजे कुणीतरी होडीत घालून, समुद्र ओलांडून मांजर तिकडे नेलं होतं. बी-बियाणं नेलं, शेळ्या नेल्या, त्यात मांजरही नेलं. पुढे २००७ साली शास्त्रज्ञांनी जगभरच्या मांजरांचं रक्ताचं नातं तपासलं, तेव्हा आपल्या घरातल्या मांजरांचे पूर्वज त्याच पश्चिम आशियातल्या रानमांजरांत निघाले. आपल्या चुलीमागे झोपलेली मनी आणि परदेशात गादीवर झोपणारं मांजर एकाच घराण्यातली.

आपल्या उपखंडातलीही एक खूण सांगतो, कारण ती आम्हाला फार आवडली. सिंधमध्ये चन्हुदारो नावाचं हडप्पा काळातलं गाव होतं. १९३५-३६ मध्ये तिथं खोदकाम झालं, तेव्हा एक वीट सापडली. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ती वीट ओली असताना वाळत घातली होती, आणि तिच्यावरून एक मांजर पळालं. मागून कुत्रं. दोघांचे पंजे विटेवर उमटले आणि भट्टीत भाजून कायमचे राहिले. आज अंगणात वाळत घातलेल्या सांडग्यांवरून जे होतं तेच.

या सगळ्या काळात मांजरानं खाल्लं काय? उंदीर, पाखरं, मासे, मिळालं तर दूध. झाडपाला त्यानं कधी अन्न म्हणून खाल्लाच नाही. गवताची दोन पाती चघळून उलटी काढतं, तेवढंच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावर येणार आहे. आणि दुसरी गोष्ट, मांजर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतं. त्याच्या केसांवर जे पडेल ते संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात जातं. आपण म्हणतो अंगाला लावलं. मांजराच्या बाबतीत अंगाला लावणं आणि पाजणं यांत काही तासांचंच अंतर असतं.

आता तेलाकडे येऊ. तेल म्हटलं की आपल्याला घाणा आठवतो. शेंगदाणा, तीळ, खोबरं दाबून काढलेलं तेल. ते जड असतं, कपड्यावर पडलं तर डाग राहतो. आज आपण बोलतोय ते वेगळं. ते वाफेवर काढतात आणि ते उघडं ठेवलं तर उडून जातं. मोठ्या भांड्यात पाला आणि पाणी घालून खाली जाळ करायचा, वाफ नळीतून न्यायची, गार करायची, की पाण्यावर तेल तरंगतं. पानाचा सगळा वास आणि सगळा तिखटपणा त्या तवंगात येतो.

हे काम आपल्या मुलखात जुनं आहे. खानदेशातल्या, वऱ्हाडातल्या आणि निमाडातल्या डोंगरउतारांवर रोशा गवत वाढतं, त्याला तिखाडीही म्हणतात. हातात चोळलं तर गुलाबासारखा वास येतो. नंदुरबार, पिंपळनेरच्या बाजूला पावसाळा संपता संपता ओढ्यांच्या काठी भट्ट्या लागत. गवत कापून आणायचं, कढईत दाबून भरायचं, झाकण लिंपून बंद करायचं, बांबूच्या नळीतून वाफ काढून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात गार करायची. ओढा आटला की भट्टी बंद. हे तेल मुंबईला जाई, मुंबईहून गलबतानं तांबड्या समुद्राच्या बंदरांना आणि तिथून पार तुर्कस्तानात. तिथले व्यापारी ते महागड्या गुलाबाच्या अत्तरात मिसळत आणि अत्तर म्हणून विकत. म्हणजे राजवाड्यांत दरवळणाऱ्या गुलाबात थोडं आपल्या खानदेशच्या गवताचंही देणं होतं. गवत कापणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

या धंद्यातलं एक गणित महत्त्वाचं आहे. रोशा असो की गवती चहा, १०० किलो हिरव्या गवतातून तेल निघतं अर्धा किलो, बहुतेक वेळा त्याहूनही कमी. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो फुलं लागतात. म्हणजे बाटलीतला एक थेंब हा एक पान नव्हे. तो मूठभर, कधी टोपलीभर पाल्याचा अर्क असतो. मांजरानं दारातल्या गवती चहाचं पातं चघळलं, तर फार तर त्याचं पोट बिघडेल. त्याच गवताचं तेल त्याच्या पाठीवर चोळलं, तर आपण त्याला भाराभर गवत एका वेळी खाऊ घातल्यासारखं झालं. बाटलीवर पानाचं चित्र असतं खरं. पण आत पान नसतं.

निलगिरीची कथाही अशीच. झाड ऑस्ट्रेलियाचं. तिथल्या व्हिक्टोरिया प्रांतात जोसेफ बोसिस्टो नावाच्या औषध विक्रेत्यानं १८५२ पासून त्याच्या पानांचं तेल काढून विकायला सुरुवात केली. त्याआधी १८४३ च्या सुमारास इंग्रजांनी हे झाड उटीच्या डोंगरात लावलं होतं, सरपणासाठी. पुढे तिथंही तेल निघू लागलं, आणि डोंगराचं नाव नीलगिरी म्हणून आपल्याकडे झाडाचं आणि तेलाचंही नाव निलगिरीच पडलं. आज बहुतेक घरांत ती हिरवट बाटली असते.

आणि काही वस्तू तर इतक्या घरच्या, की त्या तेल आहेत हेही आपण विसरतो. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल हे तिन्ही कोरडे खडे एका बाटलीत घातले की आपोआप पातळ होतात. आपल्या आज्या ही जादू दाखवायच्या. त्या पाण्याला अमृतधारा म्हणतात, पोट दुखलं की बत्ताशावर दोन थेंब. माणसासाठी ते दोन थेंबांचंच औषध आहे. मांजरासाठी त्यातला एकही पदार्थ बरा नाही, आणि ओव्याचं फूल तर सगळ्यात वाईट. का वाईट, ते समजायला आपल्याला प्लेगात जावं लागेल.

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या शेजारी, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत रोग पुण्यात आणि गावोगाव गेला. माणसं घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहिली. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या त्या याच साथीत, रोग्यांची सेवा करता करता त्यांना लागण झाली. पुण्यात सोरे घरात शिरून झडत्या घेत, सामान बाहेर काढत, आणि त्या संतापातून जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. हे आपण शाळेत शिकलोय.

शाळेत कमी सांगितलेली एक गोष्ट म्हणजे वास. त्या काळात घराघरांवर, गटारांवर, कपड्यांवर जे औषध ओतलं जाई त्यात कार्बोलिक फार मोठं होतं. १८३४ साली रुंगं नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ते दगडी कोळशाच्या डांबरातून वेगळं काढलं होतं. १८६५ मध्ये ग्लासगोला जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली पाय मोडलेल्या एका मुलाच्या जखमेवर ते वापरलं आणि जखम सडली नाही. तिथून जगभर कार्बोलिक म्हणजे स्वच्छता असं समीकरण झालं. आपल्याकडे ते समीकरण प्लेगानं आणलं, पंपांनी आणि बादल्यांनी. साथ गेली, पण सवय राहिली. दवाखान्याचा वास म्हणून जो वास आपल्या नाकात बसलाय तो मुळात तोच. काळं फिनाईल त्याच डांबराचं लेकरू.

गंमत बघा, याच प्लेगानं मांजराचाही मान वाढवला. कार्बोलिक ओतून रोग हटेना, कारण रोग फरशीवर नव्हताच. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं, की प्लेग उंदरांच्या पिसवांमधून माणसाला येतो. पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत ते पक्कं झालं. मग उंदीर मारायचे कसे, याचा विचार सुरू झाला. आपल्या अमरावतीला तेव्हा अँड्र्यू बुकॅनन नावाचे लष्करी सेवेतले सरकारी डॉक्टर होते. त्यांनी म्हटलं, मांजरं पाळा. मांजर असलेल्या घरांत प्लेग कमी दिसतो, असा त्यांचा दावा होता, आणि १९०८ साली त्यांनी तो इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. प्लेगला अडवण्यासाठी मांजर! विषारी गोळ्या आणि पिंजरे यांच्यावर खर्च करणाऱ्या सरकारला वऱ्हाडातून आलेला हा सल्ला. मांजराला स्वतःलाही उंदरापासून प्लेग होऊ शकतो, त्यामुळे तो सल्ला पूर्ण बिनधोक नव्हता. पण आमच्या मते त्या डॉक्टरांनी आपल्या बायकांना आधीच ठाऊक असलेली गोष्ट कागदावर आणली. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. कणगी राखणाऱ्याची किंमत सोन्यातच सांगायची.

तर एकाच साथीनं दोन गोष्टी घरात पक्क्या केल्या. एक मांजर आणि एक कार्बोलिकची बाटली. त्या दोघांचं एकमेकांशी जमत नाही, हे मात्र कळायला आणखी पन्नास वर्षं लागली.

१९५८ साली लंडनमध्ये रॉबिन्सन आणि विल्यम्स या दोन संशोधकांनी एक छोटासा लेख प्रसिद्ध केला. त्याचं नावच प्रश्न होतं. मांजराच्या शरीरात एक विशिष्ट काम होतं का? ते काम सोप्या भाषेत सांगतो. आपल्या पोटात नको असलेला तिखट पदार्थ गेला, तर यकृत त्याला साखरेपासून केलेला एक तुकडा जोडतं. घागरीला कान नसला तर ती उचलता येत नाही, तसं समजा. यकृत त्या पदार्थाला कान बसवतं, मग तो पाण्यात विरघळतो, मूत्रपिंड त्याला धरतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. माणसात हे होतं, गाईत होतं, कुत्र्यात होतं. मांजरात अनेक पदार्थांच्या बाबतीत ते फारच कमी होतं. घागर येते, पण तिला कान बसत नाही. पदार्थ अंगात फिरत राहतो आणि यकृतालाच जाळतो.

असं का, याचं उत्तर २००० साली अमेरिकेत मिळालं. मायकेल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लाट यांनी दाखवलं, की कान बसवणारं एक महत्त्वाचं जनुक मांजरात मोडलेलं आहे. आहे, पण चालत नाही, गंजलेल्या कुलपासारखं. २०११ च्या अभ्यासात मार्जारकुळातल्या ज्या ज्या प्राण्यांचं हे जनुक तपासलं, त्या सगळ्यांत ते मोडलेलंच निघालं. वाघाची मावशी हे नातं असं इथंही खरं ठरतं. कारण बहुधा खाण्यात आहे. झाडं स्वतःला वाचवण्यासाठी पानांत, सालीत विष साठवतात. पाला खाणाऱ्या जनावराला ते विष रोज निस्तरावं लागतं, म्हणून त्याचं यकृत तयारीचं. मांजराचं कूळ लाखो वर्षं फक्त मांसावर जगलं. जे अवजार वापरलंच जात नाही ते मोडलं तरी कुणाला कळतं? मांजराचं काहीच बिघडलं नाही. बिघडलं ते आपण झाडांचा अर्क बाटलीत भरून त्याच्या पाठीवर ओतायला लागलो तेव्हा.

कार्बोलिक हे असं पदार्थांचं एक कूळ आहे, ज्याला हा कान लागतोच. आणि ओव्याच्या फुलातला आणि लवंगेच्या तेलातला मुख्य पदार्थ त्याच कुळातले आहेत. एक डांबरातून आला, एक चुलीजवळच्या डब्यातून आला. मांजराच्या यकृताला हा फरक कळत नाही. निलगिरी, कापूर, पुदिना, पाइन, दालचिनी, संत्र्या-लिंबाच्या सालीचं तेल, ही कुळं थोडी वेगवेगळी आहेत, पण मांजराला यातलं कुठलंच तेल बाधत नाही असं नाही. जाता जाता सांगतो, तापाची पॅरासिटामॉलची गोळीही याच कारणानं मांजराला विष आहे. एका गोळीनं मांजर मरू शकतं. दया येऊन अर्धी गोळी दुधात देऊ नका.

आता त्या टी ट्रीच्या बाटलीकडे येऊ. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स भागात एक झाड आहे. तिथले मूळ रहिवासी, बुंदजलुंग लोक, त्याची पानं चुरून जखमेवर बांधत. १९२० च्या दशकात सिडनीच्या आर्थर पेनफोल्ड या रसायनशास्त्रज्ञानं त्याचं तेल तपासलं आणि जाहीर केलं, की जंतू मारण्यात हे कार्बोलिकच्या ११ पट जोरकस आहे. मापाची पट्टी बघा. तेव्हा जंतुनाशकाचं माप कार्बोलिकनंच मोजत. लोकांच्या लक्षात राहिलं ते पान आणि ऑस्ट्रेलियाचं जंगल. ११ पट हा आकडा विसरला गेला.

पुढे हे तेल जगभर पसरलं आणि नैसर्गिक म्हणून जनावरांनाही लावलं जाऊ लागलं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी तीन अंगोरा मांजरांची हकीकत छापली. लांब केसांची, जपून वाढवलेली मांजरं. पिसवा फार झाल्या म्हणून त्यांचे केस कापले आणि टी ट्रीचं तेल पाणी न घालता तसंच लावलं, तिघांना मिळून ६० मिली. काही तासांत एकाचं अंग गार पडलं, दुसऱ्याला तोल सावरेना, तिसरं कापायला लागलं. उपचार झाले. दोन वाचली, एक तिसऱ्या दिवशी गेलं.

मग २०१४ साली मोठा हिशेब आला. अमेरिकेत जनावरांच्या विषबाधेसाठी सल्ला देणारं केंद्र आहे. तिथं २००२ ते २०१२ या काळात आलेल्या टी ट्रीच्या ४४३ नोंदी तपासल्या गेल्या. ३३७ कुत्री आणि १०६ मांजरं. म्हणजे कुत्र्यांनाही हे तेल सोसत नाही, हेही ऐकून ठेवा. लाळ गळणं, सुस्ती, मागचे पाय लटके पडणं, तोल जाणं, थरथर, ही लक्षणं बहुतेक २ ते १२ तासांत दिसली आणि काहींत तीन दिवसांपर्यंत राहिली.

त्या अभ्यासातला एक आकडा ऐकून आमच्या गटात शांतता पसरली होती. ४४३ पैकी ३९५ जनावरांना, म्हणजे शंभरातल्या ८९ जणांना, ते तेल मालकांनी मुद्दाम लावलं होतं. बाटली सांडली नव्हती. जनावरानं चोरून चाटलं नव्हतं. पिसवा जाव्यात, खाज थांबावी, म्हणून जीव असणाऱ्या माणसांनी आपल्या हातानं लावलं होतं. रसायनाची भीती वाटली म्हणून झाडाचं निवडलं होतं. विष घालणारा कुणी शत्रू यात नव्हता.

हे आपल्याला लागू पडतं, कारण आपल्यातले कितीतरी गट आता फिनाईल करतात, साबण करतात, गवती चहाचं तेल घालून डासांचा फवारा करतात. पांढऱ्या फिनाईलमध्ये पाइनचं तेल असतं. आपली गिऱ्हाईकं आपल्यासारखीच, घरात कणगी आणि कणगीजवळ मांजर असणारी. बाटलीवर आपण ‘वनस्पतीजन्य, निर्धोक’ असं छापतो, तेव्हा कुणासाठी निर्धोक, हे आपणच ठरवायला हवं. आमचं मत असं, की ‘निर्धोक’ हा शब्द काढावा आणि त्या जागी दोन ओळी घालाव्यात: फरशी कोरडी होईपर्यंत मांजराला आत येऊ देऊ नका, जनावरांच्या अंगाला लावू नका. काही ताई म्हणाल्या, असं लिहिलं तर माल खपणार नाही. आम्हाला तसं वाटत नाही, पण यावर गटांनी बसून बोलावं.

पिसवांचं काय करायचं, तेही सांगतो. बारीक दातांच्या फणीनं, म्हणजे उवांच्या फणीनं, मांजराला विंचरायचं. निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात टाकायच्या, मग त्या उडी मारत नाहीत. मांजर ज्या गोणपाटावर झोपतं ते उकळत्या पाण्यात धुवून उन्हात टाकायचं, कोपरे रोज झाडायचे. पिसूची अंडी मांजरावर कमी आणि जमिनीवर जास्त असतात. औषध हवंच असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून मांजरासाठीच असलेलं घ्यायचं, वजन सांगून. कुत्र्याचं पिसवांचं औषध आणि गोठ्यात मारायचा गोचिडांचा फवारा मांजराला अजिबात नको. त्यातली काही औषधं टी ट्रीहून वाईट. कडुलिंबाचं तेलही टाळा. नुसतं खोबरेल विष नाही, पण त्यात कापूर पडला की ते खोबरेल राहत नाही.

आणि कुणी आधीच तेल लावलं असेल, किंवा मांजरावर बाटली सांडली असेल, तर ते चाटायच्या आत कोमट पाण्यानं आणि भांडी घासायच्या सौम्य साबणानं धुवा. दोघी लागतील, एकीनं गोणपाटात गुंडाळून धरायचं. नीट पुसा, उबेला ठेवा, कारण अंग गार पडतं. उलटी काढायला मीठ-पाणी पाजू नका, तेल फुप्फुसात जाऊ शकतं. लाळ गळतेय, डोलत चालतंय, कापतंय असं दिसलं, तर सकाळपर्यंत थांबू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करून विचारा. मांजर पिशवीत घालून न्या, तोंडाजवळ हवेला जागा ठेवून. आणि तेलाची बाटली सोबत घ्यायला विसरू नका. रिकामी असली तरी चालेल. डॉक्टरांना नाव वाचता आलं पाहिजे.